उत्तरेच्या खिडक्या: बडोद्यातल्या एका जुन्या कलासंस्थेचा पुनर्विकास

हे प्रकरण बडोद्याच्या जुन्या शहरातल्या एका कलासंस्थेचं आहे. संस्थेचं आणि माणसांची नावं, तसंच ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. निर्णय, त्यामागची कारणं आणि घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते आणि संस्थेच्या बांधकाम समितीवर निमंत्रित सदस्य होते. अशाच पेचात सापडलेल्या दुसऱ्या संस्थांना उपयोग व्हावा, म्हणून हे सगळं सविस्तर लिहीत आहे.

पार्श्वभूमी

सयाजीराव महाराजांनी (तिसरे) १८९० मध्ये कलाभवन ही कला आणि तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली. त्याच साली तिथे दाखल झालेल्या विद्यार्थ्यांपैकी एक होते दादासाहेब फाळके. १८९४ मध्ये संग्रहालय उभं राहिलं. राजा रविवर्मा बडोद्यात राहून चित्रं काढून गेले, पुढे कीर्तिमंदिराच्या (गायकवाड घराण्याच्या स्मारकाच्या) भिंती नंदलाल बोस यांनी रंगवल्या आणि १९५० मध्ये विद्यापीठाची ललितकला शाखा सुरू झाली. या मोठ्या नावांच्या सावलीत दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत लहानलहान चित्रशाळाही वाढल्या. त्या आधी राजाश्रयावर चालल्या आणि नंतर वर्गणीवर. आपली संस्था त्यांपैकीच एक.

सकाळी पूर्णवेळ अभ्यासक्रम, दुपारी शाळकरी मुलांचे वर्ग, संध्याकाळी नोकरदारांसाठी रेखाटन आणि मातीकाम, असा तिथला दिवस. फी कमी. आसपासच्या पोळांमधली (जुन्या शहरातल्या गल्ल्यांच्या वस्त्यांमधली) मुलं चालत येतात. शिक्षकांपैकी बरेच जण अर्धवेळ, काही तर संस्थेचेच माजी विद्यार्थी.

इमारत सात खणांची, दुमजली. चुन्यात बांधलेल्या विटांच्या जाड भिंती, सागाचे खांब आणि तुळया, कडीपाट (तुळयांवर फळ्या टाकून केलेलं लाकडी छत), वर कौलं. वरच्या मजल्यावर इमारतीच्या लांबीइतका एकच मोठा स्टुडिओ आहे. त्याच्या उत्तरेच्या भिंतीत छातीच्या उंचीपासून थेट छतापर्यंत जाणाऱ्या खिडक्यांची रांग आहे. खिडक्यांसमोर मागचं अंगण, अंगणात कडुनिंब आणि मातीकामाची पत्र्याची शेड. संस्थेकडे मोकळी म्हणावी अशी जागा हीच, आणि नेमकी ती उत्तरेला. पुढची सगळी गुंतागुंत इथून सुरू होते.

अडचण

पावसाळ्यातल्या एका रात्री वरच्या मजल्याच्या कडीपाटाचा तुकडा कोसळला. खाली कुणी नव्हतं. सकाळी इंजिनिअरने पाहिलं तर दोन तुळयांची भिंतीत गेलेली टोकं पार कुजलेली. तुळईचा मधला भाग वाजवला तर खणखणीत, टोकाशी मात्र पेचकस सहज आत जाई. कारण साधं होतं. दोन उतारांच्या सांध्यावरची पन्हळ पाल्याने तुंबत होती आणि पाणी वर्षानुवर्षं भिंतीत उतरत होतं. त्यात भर म्हणजे काही वर्षांपूर्वी बाहेरच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला होता. चुन्याची भिंत ओल पिते आणि सोडतेही. सिमेंटने ती बाहेरून बंद झाली. मग ओल आतल्या बाजूने वाट शोधू लागली. भिंतीवर पांढरा क्षार फुलला, विटांचा भुगा पडू लागला, आणि ज्या टोकांना हवा मिळायला हवी होती ती तुळयांची टोकं कायम ओलीच राहिली.

इंजिनिअरच्या पत्रात ‘धोकादायक’ हा शब्द आला आणि विश्वस्तांमध्ये घबराट उडाली. तशात जुन्या तक्रारी होत्याच: वर्ग अपुरे, मुलींसाठी स्वच्छतागृह एकच, लिफ्ट नाही, रॅम्प नाही. जुन्या विद्यार्थ्यांची कामं, प्लॅस्टरचे पुतळे, जलरंगातली निसर्गचित्रं, शिळाछापाचे (ज्यांवरून चित्रं छापतात ते) दगड हे सगळं जिन्याखाली आणि कपाटांवर कोंबलेलं. त्यामुळे दुरुस्ती आणि विस्तार हे दोन वेगळे प्रश्न एकाच बैठकीत, एकाच ठरावात येऊन बसले. पुढे कित्येक महिने ते वेगळे झाले नाहीत, आणि या प्रकरणातला बराचसा वेळ त्यातच गेला.

समोर आलेले पर्याय

पहिला प्रस्ताव एका बिल्डरचा होता. जुनी इमारत पाडायची, खाली तळघरात पार्किंग, तळमजल्यावर दुकानं, वरचे दोन मजले संस्थेला फुकट. वर काही रोख रक्कमही. कागदावर क्षेत्रफळ दुपटीहून जास्त होत होतं आणि संस्थेला एक पैसा घालावा लागणार नव्हता. अर्ध्या विश्वस्तांना तो मान्य होता. त्यांना दोष देता येणार नाही. फीच्या पैशात वीजबिल आणि पगार भागवणाऱ्या माणसांसमोर ‘फुकट इमारत’ हे शब्द आले की मन तिकडे झुकणारच.

दुसरा पर्याय शहराबाहेर जमीन घेऊन नवी वास्तू बांधण्याचा. तिसरा फक्त दुरुस्तीचा. चौथा जुन्या इमारतीची दुरुस्ती आणि मागच्या अंगणात नवी तिमजली इमारत असा. वास्तुविशारदांनी याचा पहिला आराखडा केला तेव्हा तो सगळ्यांना आवडला होता.

शहराबाहेर जायचा विषय लवकर मिटला. चालत येणारी मुलं तिथे येणार नाहीत आणि तासाभरासाठी येणारे अर्धवेळ शिक्षकही येणार नाहीत, हे उघड होतं. फक्त दुरुस्ती केली तर लिफ्ट, स्वच्छतागृहं आणि संग्रहाची जागा यांचं काय, याला उत्तर नव्हतं. खरा वाद पहिल्या आणि चौथ्या पर्यायात होता.

पहिला निर्णय: बिल्डरला नकार

नकाराची तीन कारणं होती. ती एकदम नाही, एकेक करून पुढे आली.

आधी आला कायदा. संस्था सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली. १९५० च्या त्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मिळकत विकायची, बदलून द्यायची किंवा बिगरशेती मिळकत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर चॅरिटी कमिशनरची पूर्वपरवानगी लागते. दुकानांची मालकी बिल्डरकडे जाणार म्हणजे हे कलम लागणारच. परवानगी मिळतच नाही असं नाही. पण हा व्यवहार ट्रस्टच्या हिताचा आहे आणि याहून चांगला मार्ग नव्हता, हे दाखवावं लागतं. समितीतल्या वकिलांनी सरळ विचारलं, ‘दुसरे मार्ग आपण तपासलेत का? तपासल्याचा कागद कुठे आहे?’ कागद नव्हता.

दुसरं कारण वजनाचं. मातीकाम, दगडकाम आणि छपाईची प्रेस वरच्या मजल्यांवर न्यायची? भारतीय मानकांप्रमाणे साधारण वर्गखोलीचा मजला दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार धरून बांधतात. ओली माती भरलेल्या टाक्या, शिळाछापाचे दगड आणि प्रेस एका खोलीत आले की तो हिशेब बदलतो. मजला भक्कम करता येतो, पण बिल्डरच्या आराखड्यात त्याचा विचार नव्हता. मातीकाम शिकवणाऱ्या सरांनी तर वेगळाच मुद्दा काढला: ‘साहेब, रोज बादल्या भरभरून गढूळ पाणी जातं. वरच्या मजल्यावरून ते पाइपात सोडलं तर खालची दुकानं महिन्याभरात तुमच्या नावाने ओरडतील.’

तिसरं कारण आभाळातून आलं. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात सुमारे १८ ते २० इंच पाऊस पडला. संस्थेच्या अंगणात नदी आली नव्हती. गटारं तुंबून पाणी उलटं आलं आणि तळमजल्यात शिरलं. जिन्याखाली ठेवलेले कागदांचे गठ्ठे भिजले. काही जलरंग चित्रं एकमेकांना चिकटली ती सुटलीच नाहीत. त्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी वरच्या मजल्यावर दोऱ्या बांधून कागद वाळत घातले, मध्ये टिपकागद ठेवले, पंखे लावले. दमट हवेत भिजलेल्या कागदावर दोनतीन दिवसांत बुरशी धरते, त्यामुळे पहिले तास फार मोलाचे असतात. नवा संग्रहकक्ष तळघरात काढू, असं बिल्डरने सुचवलं होतं. त्या पुरानंतर तळघर हा शब्द पुन्हा कुणी उच्चारला नाही.

प्रस्ताव फेटाळला गेला. पण ठरावात फक्त ‘नामंजूर’ एवढंच लिहिलं. कारणं लिहिली नाहीत. वर्षभराने दोन नवे विश्वस्त आले तेव्हा तीच चर्चा पहिल्यापासून पुन्हा झाली.

दुसरा निर्णय: आधी मोजणी

तिमजली आराखड्यात संस्थेला अमुक इतके चौरस फूट हवेत असं गृहीत धरलं होतं. हा आकडा आला कुठून? प्रत्येक विभागाला ‘तुम्हाला किती जागा हवी’ असं विचारून आलेल्या उत्तरांची ती बेरीज होती. मग संस्थेने उलट बाजूने सुरुवात केली. कोणती खोली, कोणत्या वाराला, किती वाजता, कशासाठी वापरली जाते, याचा तक्ता दोन शिक्षिका आणि काही विद्यार्थी यांनी महिनाभर भरला.

तक्ता भिंतीवर लावला तेव्हा अनेकांना धक्का बसला. तळमजल्यावरच्या तीन खोल्यांना कायम कुलूप होतं. आत मोडके ईझल, रंग उडालेले नाट्यप्रवेशाचे पडदे, जुन्या उत्तरपत्रिका आणि एका बंद पडलेल्या प्रदर्शन समितीचे फलक होते. वरचा स्टुडिओ सकाळी ओसंडून वाहत होता आणि दुपारी दोन तास रिकामा असायचा. जागा अपुरी होती हे खरं, पण जितकी सांगितली जात होती तितकी नाही. काही खोल्या मोकळ्या केल्या आणि वेळापत्रक हललं तर नव्या बांधकामाची गरज बरीच घटत होती.

त्याच वेळी संग्रहाची यादी सुरू झाली. प्रत्येक कामाला क्रमांक, फोटो, माप, स्थिती. एका विश्वस्तांनी सुचवलं की दोन जुनी तैलव्यक्तिचित्रं विकली तर दुरुस्तीचा मोठा वाटा निघेल. कल्पना वाईट हेतूची नव्हती. पण ती चित्रं कुणी दिली, कोणत्या अटीवर दिली, हे नोंदवहीत सापडेना. अट माहीत नसताना देणगी विकणं म्हणजे पुढच्या प्रत्येक देणगीदाराला सावध करणं. चित्रं राहिली. माझ्या मते या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, आणि तो अवघ्या पंधरा मिनिटांत झाला.

तिसरा निर्णय: उत्तरेचा प्रकाश

उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बहुतेक काळ थेट ऊन येत नाही. आकाशाचा पसरलेला, स्थिर उजेड येतो. समोर ठेवलेल्या पुतळ्यावरची सावली सकाळी जिथे असते तिथेच तासन्‌तास राहते, म्हणून विद्यार्थ्याला ती बघत बघत काढता येते. बडोदं कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी उत्तरेकडूनही तिरपं ऊन शिरतं. जुन्या बांधणाऱ्यांनी त्यासाठी खोल छज्जा ठेवला होता आणि पश्चिमेच्या टोकाच्या खिडकीला लाकडी झिलमिली (तिरप्या पट्ट्यांची झडप) होती. हे सगळं विचारपूर्वक केलेलं होतं.

आता याच खिडक्यांसमोर तिमजली इमारत येणार होती.

वास्तुविशारद समजूतदार होते. त्यांचं म्हणणं असं की आता रंग जसेच्या तसे दिसतील असे एलईडी मिळतात, सावली पाडण्यासाठी हवी तशी दिशा देता येते, आणि संध्याकाळचे वर्ग नाहीतरी दिव्यांवरच चालतात. मुद्दा बिनतोड होता. त्याला ‘जुनं ते सोनं’ म्हणून उत्तर देणं चाललं नसतं. म्हणून प्रयोग करायचं ठरलं.

बडोद्यात गणपतीचे मोठे मांडव घालणारे मंडपवाले आहेत. त्यांच्यापैकी एकाला बोलावून अंगणात बांबूंचा सांगाडा उभारला. उंची नव्या इमारतीइतकी, अंतर आराखड्याप्रमाणे, समोर ताडपत्री. वर स्टुडिओत प्लॅस्टरचं एक शीर नेहमीच्या चौथऱ्यावर ठेवलं. त्याच विद्यार्थ्यांनी ताडपत्री नसताना एक आणि ताडपत्री असताना एक अशी कोळशाने रेखाटनं केली, दिवसाच्या त्याच वेळी. प्रकाश मोजायचं मीटर होतंच. त्याचा आकडा निम्म्याच्याही खाली आला. पण विश्वस्तांसमोर निकाल लागला तो रेखाटनांवरून.

ती दोन रांगांत भिंतीला लावली होती. पहिल्या रांगेत भुवईखालची सावली गडद, नाकाच्या एका बाजूला स्वच्छ अर्धछाया, हनुवटीखाली परतलेला हलका उजेड. दुसऱ्या रांगेत सगळी शिरं सपाट, करडी. वरून येणारं आकाश झाकलं गेलं होतं, आणि जो काही उजेड होता तो खालून, अंगणाच्या जमिनीवरून परतून येत होता. त्यामुळे सावल्या उलट्या पडत होत्या. अध्यक्ष बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘मुलांनी दुसऱ्या वेळी घाई केलेली दिसते.’ रेखाटन शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘भाऊसाहेब, घाई नाही केली. त्यांना जे दिसलं, तेच त्यांनी काढलंय.’

आराखडा बदलला. नवी इमारत अंगणाच्या पश्चिम कडेला सरकली, तीही दोनच मजल्यांची. उत्तरेच्या हद्दीलगत फक्त एकमजली, सपाट छताची बैठी इमारत ठेवली. तिची उंची अशी बेतली की स्टुडिओत बसलेल्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांना खिडकीतून आकाशच दिसावं. त्या बैठ्या भागात मातीकाम, भट्टी आणि छपाईची प्रेस. जमिनीला उतार, मधोमध नाली, आणि नालीच्या शेवटी माती बसण्यासाठी दोन हौद. पश्चिमेच्या भागात लिफ्ट, स्वच्छतागृहं आणि वरच्या मजल्यावर संग्रहकक्ष. पश्चिमेला उंच भिंत आल्याने उन्हाळ्याच्या संध्याकाळचं तिरपं ऊन अडलं, हा न मागता झालेला फायदा. क्षेत्रफळ मूळ आराखड्याच्या जेमतेम अर्धं भरलं, पण मोजणीच्या तक्त्यामुळे तेवढं पुरेल हे माहीत होतं. संध्याकाळच्या वर्गांसाठी चांगले एलईडीही घेतले.

एका देणगीदारांना तीनशे आसनांचं वातानुकूलित सभागृह हवं होतं, त्यांच्या वडिलांच्या नावाने. सभागृह झालं असतं तर मातीकाम पुन्हा पत्र्याखाली गेलं असतं. अनेक बैठका झाल्या. शेवटी त्यांना वर्ग चालू असताना बोलावलं. मातीने भरलेल्या हातांच्या मुलांशी ते बोलले आणि देणगी मातीकामाच्या इमारतीला दिली. नाव तिथेच लागलं.

परवानग्या

परवानग्यांबद्दल थोडक्यात. तांबेकर वाड्यासारखी केंद्र संरक्षित स्मारकं बडोद्याच्या वस्तीतच आहेत. स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची संमती लागते. संस्थेची मिळकत एका स्मारकाच्या या दुसऱ्या पट्ट्यात येते, हे पालिकेत नकाशे दाखल केल्यावर लक्षात आलं. फाइल परत फिरली आणि एक आख्खा हंगाम वाया गेला. उंची आधीच कमी केलेली असल्यामुळे संमतीत पुढे अडचण आली नाही.

काम

सगळ्यांत अवघड काम जुन्या भिंतींचं होतं. ठेकेदाराला सिमेंटचा गिलावाच करायचा होता: लवकर होतो, मजूर मिळतात. चुन्याचं काम येणारे गवंडी आता थोडे. मग एक भिंत नमुना म्हणून घेतली. सिमेंट काळजीपूर्वक खरवडलं, सांधे मोकळे केले, भिंत उघडी ठेवून वाळू दिली आणि अर्ध्या भागाला विरवलेल्या चुन्याचा, सुरखी (विटांची भुकटी) घातलेला गिलावा केला. उरलेल्या अर्ध्या भागावरचं सिमेंट तसंच ठेवलं. मग मार्च २०२० ला टाळेबंदी आली आणि सगळं थांबलं. पावसाळ्यानंतर दार उघडलं तेव्हा चुन्याची बाजू आतून कोरडी होती, सिमेंटच्या बाजूला क्षाराची नवी रेघ चढली होती. ठेकेदाराने स्वतः हात लावून पाहिलं आणि वाद संपला.

चुना हवेतला कर्बवायू शोषत सावकाश घट्ट होतो. तो घाईने वाळला तर तडकतो, म्हणून ओली गोणपाटं लावून राखावा लागतो, आणि एका थरावर दुसरा थर देण्याआधी थांबावं लागतं. गवंडीकाका थर दिल्यावर नख लावून बघायचे. नख उमटलं तर ‘अजून नाही’ म्हणायचे आणि बिडी पेटवून बसायचे. ठेकेदाराचा जीव वरखाली व्हायचा. पण त्या भिंतींना आज एकही तडा नाही.

तुळया बदलल्या नाहीत. कुजलेली टोकं कापली, जुन्याच सागाचे तुकडे सांधा करून बसवले, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट. भिंतीतल्या खोबणीत टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवली, हवा खेळावी म्हणून. पन्हळ रुंद केली आणि तिच्यापर्यंत माणूस चढू शकेल अशी पक्की शिडी लावली. पूर्वी तिथे जायला वाटच नव्हती, म्हणून कुणी जात नव्हतं.

काम चालू असताना संस्था बंद ठेवायची की नाही, यावरही खल झाला. दोन वर्षं बंद ठेवली तर काम स्वस्तात आणि झटपट झालं असतं. पण दोन वर्षं वर्ग नसले की विद्यार्थी विखुरतात, अर्धवेळ शिक्षक दुसरीकडे लागतात, आणि नव्या इमारतीत शिकवायला कुणी उरत नाही. म्हणून टप्प्याटप्प्याने. चित्रकलेचे वर्ग जवळच्या एका शाळेत सकाळ-संध्याकाळ भरले. मातीकाम मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, भाड्याच्या शेडमध्ये गेलं.

परिणाम

नवा भाग आणि दुरुस्त झालेली इमारत वापरात आली. वरच्या स्टुडिओत उजेड पूर्वीसारखाच आहे, किंबहुना काचा बदलल्याने थोडा जास्तच. लिफ्टमुळे व्हीलचेअरवरचा एक विद्यार्थी पहिल्यांदा वरच्या मजल्यावर शिकतो आहे. कागदावरची कामं आता पाळीपाळीने, ५० लक्सच्या आसपासच्या मंद प्रकाशात दाखवली जातात. उरलेला काळ ती आम्लविरहित पुठ्ठ्यात, अंधारात विसावतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर मजल मारली आणि शहराचा मोठा भाग पाण्यात गेला. संस्थेच्या अंगणातही पाणी आलं, मातीकामाच्या खोलीत घोटाभर चढलं. विजेचे बोर्ड उंचावर घेतले होते, संग्रह वरच्या मजल्यावर होता. पाणी नालीतून उतरलं, खोली धुतली आणि आठवड्याभरात वर्ग सुरू झाले. एकही चित्र भिजलं नाही.

सगळंच मनासारखं झालं असं नाही. खर्च अंदाजापेक्षा वाढला, मुख्यतः चुन्याच्या कामामुळे आणि वाया गेलेल्या हंगामामुळे. मकरपुऱ्याची शेड लांब पडली. संध्याकाळच्या मातीकामाच्या वर्गातले निम्म्याहून जास्त विद्यार्थी गळाले, विशेषतः मुली, कारण रात्री तिथून परतणं घरच्यांना मान्य नव्हतं. ती संख्या अजून पूर्ववत झालेली नाही. मातीकामाचे सर काम पूर्ण व्हायच्या आधीच निवृत्त झाले. ज्या खोलीची नाली त्यांनी स्वतः आखून दिली, तिथे त्यांना शिकवता आलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

खोल्यांचा तक्ता आणि संग्रहाची यादी या दोन गोष्टी वास्तुविशारद नेमण्याच्या आधी व्हायला हव्यात. त्यांना खर्च जवळपास शून्य आहे, आणि त्या हातात असत्या तर तिमजली आराखडा कुणी मागितलाच नसता. दुरुस्ती आणि विस्तार यांचे ठराव पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवले असते तर पन्हळीचं काम लगेच झालं असतं. ते लांबलं आणि आणखी दोन पावसाळे भिंतीत उतरले.

स्मारकापासूनचं अंतर मोजायला एक दिवस लागतो. जुन्या शहरात बांधकाम काढणाऱ्या कोणत्याही संस्थेने तो दिवस सगळ्यात आधी काढावा.

तात्पुरत्या जागेसाठी भाडं हा एकमेव निकष ठेवला गेला. मातीकामाला गाळा हवा, पाणी हवं, धूळ चालायला हवी, हे खरं. पण वर्गातल्या मुलींना किती वाजता, कशाने, कुणाबरोबर घरी जायचं आहे हे आधी विचारलं असतं, तर जास्त भाडं देऊनही जवळची जागा घेतली गेली असती. ते भाडं गळालेल्या विद्यार्थ्यांपेक्षा स्वस्त पडलं असतं.

आणि देखभाल. नव्या इमारतीला देणगी मिळते, पन्हळ साफ करायला कुणी देत नाही. उद्घाटनाच्या आधीच देणग्यांतला ठरावीक वाटा देखभालीसाठी बाजूला काढायचा, असा नियम असायला हवा होता. तो उद्घाटनानंतर झाला, तेव्हा बहुतेक रक्कम खर्ची पडली होती. आता दरवर्षी मे महिन्यात पन्हळी, कौलं आणि तुळयांची टोकं तपासून त्याची लेखी नोंद कार्यकारिणीपुढे ठेवायची, असा ठराव आहे. संग्रहाच्या यादीत प्लॅस्टरचे पुतळे आणि तैलचित्रं पूर्ण झाली आहेत. कागदावरच्या कामांची नोंद दोन माजी विद्यार्थिनी दर शनिवारी येऊन करत आहेत, आणि २०१९ मध्ये चिकटलेला गठ्ठा सोडवण्यासाठी कागद-संवर्धनाच्या जाणकाराकडे पाठवायचा प्रस्ताव पुढच्या सभेत आहे.